'व्हेरी'च्या कुबड्या सोडायच्या आहेत: वर्णनाचे इंग्रजी शब्द कसे वाढवावेत?

वेलांटी

नमस्कार मंडळी,

माझं इंग्रजी वाचन बऱ्यापैकी आहे. कादंबरी वाचताना शब्दकोश फारसा उघडावा लागत नाही. कामाच्या मेल्स, रिपोर्ट वगैरेही बिनबोभाट होतात. पण हल्ली इंग्रजीत थोडं ललित लिहायला घेतलंय, म्हणजे माणसांची, जागांची वर्णनं, छोट्या गोष्टी, आणि तिथे घोडं पेंड खातंय. प्रत्येक बाई ब्यूटिफुल, प्रत्येक जागा नाइस, प्रत्येक दिवस गुड. फारच जोर द्यायचा असेल तर पुढे एक व्हेरी. वाचताना ओळखीचे वाटणारे शब्द लिहिताना कुठे दडी मारून बसतात कोण जाणे.

'व्हेरीऐवजी हे शब्द वापरा' छापाच्या याद्या पाठ केल्या. पाठ होतात, पण वाक्यात घातले की दुसऱ्याचा अंगरखा चढवल्यासारखं दिसतं.

तर तुम्ही काय केलंत? याद्या, ॲप, थिसॉरस (समानार्थी शब्दांचा कोश), नुसतं वाचन? आणि नमुन्यादाखल माझंच एक वाक्य देते, त्याची चिरफाड करा: 'द ओल्ड मॅन वॉक्ड व्हेरी स्लोली डाउन द रोड.'

पारावरचा

रुमाल टाकून ठेवतो. गरजू आहे.

टवाळखोर

सोप्पंय. शशी थरूर यांना फॉलो करा. 2017 साली त्यांनी एका ट्वीटमध्ये 'फरागो' (म्हणजे खिचडी) वापरला आणि लोक डिक्शनरीवर तुटून पडले. तुमचा म्हातारा कितीही हळू चालू दे, वाचणारा अजून पहिल्याच शब्दापाशी असेल. हलकेच घ्या.

अर्धविराम

वेलांटी, तुमच्या वाक्यात दुखणं 'व्हेरी'चं नाही, 'वॉक्ड'चं आहे. म्हातारा हळू का चालतोय?

दमलाय, पाय जड झालेत, अंतर बरंच आहे, तर ट्रज्ड. पाय उचलतच नाही, चपला फरफटत चाललाय, तर शफल्ड. गुडघा दुखतोय, तर हॉबल्ड. काही घाई नाही, संध्याकाळचा वारा खात निघालाय, तर स्ट्रोल्ड. 'आपण कोण आहोत माहितीये ना' अशा ऐटीत रमतगमत निघालाय, तर सॉन्टर्ड. या सगळ्यांना 'व्हेरी स्लोली' लागू पडतं, आणि म्हणूनच त्यातून काही दिसत नाही.

मराठी माणसाची इथे एक खास अडचण होते. आपण क्रियापद साधं ठेवतो आणि 'कसं' ते बाजूला सांगतो: लंगडत गेला, झोकांड्या खात बाहेर पडला, तुरुतुरु चालत आली. इंग्रजी ते 'कसं' थेट क्रियापदात कोंबते: लिम्प्ड, स्टॅगर्ड आउट, स्कटल्ड. लिओनार्ड टाल्मी या भाषाशास्त्रज्ञाने भाषांमधल्या या फरकावर 1985 साली सविस्तर लिहिलंय. त्यामुळे मराठीत विचार करून इंग्रजीत उतरवलं की हाती येतं वॉक अधिक एक क्रियाविशेषण. वाक्य व्याकरणात बसतं, पण निर्जीव.

माझा सल्ला: वर्षभर विशेषणांच्या वाटेला जाऊ नका. क्रियापदं गोळा करा. चालणं, बघणं, हसणं, बोलणं, धरणं, पडणं, एवढी जरी पक्की झाली तरी लिखाणात फरक दिसेल.

निळी_शाई

+1. बघण्याचंच घ्या ना. ग्लान्स म्हणजे नजर टाकणं, पीअर म्हणजे डोळे बारीक करून नीट दिसेना म्हणून बघणं, गेझ म्हणजे हरवून बघत राहणं, ग्लेअर म्हणजे डोळे वटारणं, गॉप म्हणजे आ वासून बघणं, पीक म्हणजे हळूच डोकावणं. आपल्याकडे यातल्या प्रत्येकाला नेमका वाक्प्रचार आहे. म्हणजे अर्थाच्या छटा आपल्याला नव्याने शिकायच्या नाहीयेत, त्या मराठीतून ठाऊकच आहेत. जोड्या लावायच्या फक्त.

सरळसोट

मी विरुद्ध बाजूने बोलतो. ही 'रिच व्होकॅब्युलरी'ची हौस हेच लिखाण बिघडण्याचं मोठं कारण आहे. जॉर्ज ऑर्वेलने 1946 सालच्या निबंधात स्वच्छ सांगून ठेवलंय की जिथे छोट्या शब्दाने भागतं तिथे मोठा शब्द कधीही वापरू नये. 'ही सेड'च्या जागी एक्झक्लेम्ड, एन्थ्यूज्ड, एजॅक्युलेटेड असलं काहीबाही घालणारे नवलेखक बघितले की हात जोडावेसे वाटतात. म्हातारा चालला. हळू चालला. कळलं मला. पुढे काय झालं ते सांगा.

टवाळखोर

पुढे काही झालं नाही, तो अजून पोचलाच नाहीये.

पारावरचा

😂

अर्धविराम

सरळसोट, ऑर्वेलशी माझं भांडण नाही. पण तुम्ही 'समृद्ध' म्हणजे 'लांबलचक' असं धरून चालताय. ट्रज, प्लॉड, लर्च, ग्लिंट, स्नॅग, हश, गॉन्ट हे सगळे एकाच अक्षरावयवाचे (सिलेबलचे) शब्द आहेत. 'वॉक्ड व्हेरी स्लोली'पेक्षा 'ट्रज्ड' आखूड आहे. म्हणजे ऑर्वेलचा नियम माझ्याच बाजूचा झाला की.

यामागे इतिहास आहे. 1066 मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि दरबार, कायदा यांची भाषा फ्रेंच झाली. पुढे विद्वानांनी लॅटिनमधून पोत्याने शब्द आणले. त्यामुळे इंग्रजीत एकाच अर्थाचे तीन तीन थर सापडतात: आस्क, क्वेश्चन, इंटेरोगेट. किंगली, रॉयल, रीगल. खालचा थर घरगुती, वरचा कचेरीतला. हार्टी वेलकम आणि कॉर्डियल रिसेप्शन घ्या. 'कॉर्डियल'च्या मुळाशी लॅटिनमधलं हृदयच आहे, तरी पहिल्यात मिठी आहे आणि दुसऱ्यात हस्तांदोलन. आपल्याला हे नवीन नाही. 'विचारलं' आणि 'पृच्छा केली' यातला फरक कुणाला समजावून सांगावा लागतो का?

अंगाला भिडणारं वर्णन बहुतेक वेळा खालच्या थरातून येतं. याद्यांमध्ये मात्र वरच्या थराची भरताड असते, कारण ती परीक्षांसाठी केलेली असते. वेलांटींना तो अंगरखा बोचतोय तो त्यामुळेच.

सरळसोट

हे मान्य. 'सेड'बद्दल मात्र मी ठाम आहे.

अर्धविराम

'सेड'बद्दल मीही तुमच्याच पक्षात. संवादात तो शब्द डोळ्यांना दिसतच नाही, आणि तेच बरं असतं. मटर्ड, स्नॅप्ड असं काही क्वचित, खरोखर तसं झालं असेल तरच.

कोशकीटक

थिसॉरसबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. थिसॉरसला फार शिव्या बसतात, त्यातल्या अर्ध्या अनाठायी. पीटर मार्क रॉजे पेशाने डॉक्टर. त्यांनी 1852 साली कोश काढला तो अकारविल्हे नव्हे, तर कल्पनांच्या गटांनुसार, साधारण हजार शीर्षकांखाली. म्हणजे हातात कल्पना आहे, शब्द सापडत नाही, त्याच्यासाठी ती सोय होती. तुम्हाला आधीपासून माहीत असलेला पण जिभेवर न येणारा शब्द शोधायला थिसॉरस उत्तम. अनोळखी शब्द त्यातून उचलून थेट वाक्यात ठेवणं धोक्याचं, कारण एका ओळीत शेजारी बसलेले शब्द एकमेकांच्या जागी चालतातच असं नाही.

बारीक माणसाचं बघा. स्लेंडर म्हणजे शेलाटी, कौतुकाने. स्लिम, तेही चांगलंच. थिन, नुसती माहिती. स्किनी, किंचित नाक मुरडून. स्क्रॉनी, हाडकुळा, मरतुकडा. गॉन्ट, आजाराने किंवा उपासमारीने गाल बसलेला. थिसॉरसमध्ये हे सगळे एका रांगेत उभे दिसतात. मैत्रिणीला स्लेंडरच्या जागी स्क्रॉनी म्हणून बघा, मग सांगा समानार्थी आहेत का!

दुसरी गोष्ट शब्दांच्या सोबतीची. इंग्रजीत पाऊस हेवी असतो, वारा स्ट्राँग असतो. उलट करून चालत नाही, आणि याला कारणही देता येत नाही. झोप साउंड, जागेपण वाइड, अंधार पिच डार्क, थंडी बिटर. 'शब्दाची ओळख त्याच्या सोबत्यांवरून होते' अशा अर्थाचं जे. आर. फर्थ यांचं 1957 सालचं वाक्य भाषाशास्त्रात फार प्रसिद्ध आहे. म्हणून वहीत सुटा शब्द कधीच उतरवू नका, जोडी उतरवा. 'बिटर = कडू' याला काही अर्थ नाही. 'बिटरली कोल्ड, बिटर क्वारल, बिटर डिसअपॉइंटमेंट' हे कामाचं.

आणि शक्य असेल तर कोलिन्स कोबिल्ड वापरा. 1987 साली जॉन सिंक्लेअर यांच्या देखरेखीखाली निघालेला हा कोश शब्दाचा अर्थ पूर्ण वाक्यात सांगतो, त्यामुळे शब्द कसा वागतो ते आपोआप कळतं. सिंक्लेअर यांनीच दाखवलं होतं की 'सेट इन' हे क्रियापद बहुधा अप्रिय गोष्टींनाच जोडलं जातं: कूज, निराशा, कडक हिवाळा. आनंद 'सेट इन' होत नाही. अशी गोष्ट यादीतून कधी कळणार?

मनमौजी

कोशकीटकताई, दंडवत. 'स्क्रॉनी' मी आजच घरात वापरून बघतो.

कोशकीटक

जबाबदारी माझी नाही.

निळी_शाई

थोडं अवांतर. हसण्याच्या जोड्या लावून बघितल्या, दुरुस्त करा. चकल = गालातल्या गालात हसणं. गिगल = खिदळणं, फिदीफिदी. गफॉ = सातमजली. स्निगर = दुसऱ्याची फजिती बघून दबक्या आवाजात. कॅकल = चेटकिणीचं खिंकाळणं. मग 'खुदकन' हसण्याला काय म्हणाल? लहान मूल झोपेत हसतं ते?

मनमौजी

गार्गल?

निळी_शाई

गार्गल म्हणजे गुळण्या हो! गार्गल म्हणता म्हणता तुम्हाला गर्गल म्हणायचं असावं, म्हणजे बाळाचं ते घशातलं गुळगुळ हसू. पण 'खुदकन'मधलं अचानकपण त्यात नाही.

पारावरचा

नाही जमत तर नाही जमत. दोन शब्द लिहावेत. प्रत्येक कुलपाला किल्ली असायलाच पाहिजे का?

टवाळखोर

धाग्याचं काश्मीर व्हायला लागलं बरं का, विषय भरकटतोय. पण चालू द्या, मजा येतेय.

गणिती

मी रुक्ष माणूस, आकड्यांत बोलतो. इंग्रजीतले सर्वाधिक वापरातले 2000 शब्दसमूह (म्हणजे मूळ शब्द आणि त्याची रूपं) आले की मजकुरातले साधारण 80 टक्के शब्द ओळखीचे होतात. पॉल नेशन यांच्या 2006 सालच्या अभ्यासानुसार कादंबरी किंवा वर्तमानपत्र विनासायास वाचायला, म्हणजे 98 टक्के शब्द ओळखीचे असायला, 8000 ते 9000 शब्दसमूह लागतात. 'ट्रज', 'ग्लिंट' ही मंडळी त्या वरच्या टप्प्यातली. कादंबरीत क्वचित भेटतात, मग विसरायला होतात, यात वेलांटींचा दोष नाही.

उपाय जुना आहे. मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउस यांनी 1885 साली स्वतःवर प्रयोग करून विसरण्याचा वेग मोजला: सुरुवातीला झपाट्याने, मग सावकाश. म्हणून उजळणी वाढत्या अंतराने करायची. सेबॅस्टियन लाइटनर यांनी 1972 मध्ये त्यासाठी कार्डांच्या खोक्याची पद्धत लोकप्रिय केली, आता अंकीसारखी ॲप तेच गणित करून देतात. रोज थोडी कार्डं, विषय संपला.

सरळसोट

अंकीने शब्द ओळखता येतो. वेलांटींना ओळखता येतोच आहे! त्यांची अडचण लिहिताना सुचत नाही ही आहे. तुम्ही ज्याचं औषध देताय तो आजारच वेगळा.

गणिती

कार्ड उलटं करा. पुढच्या बाजूला मराठी प्रसंग: 'चिखलातून पाय ओढत, दमून चालणं'. मागे 'ट्रज' आणि एक वाक्य. मग ओळखायचं नाही, आठवायचं. औषध तेच, फक्त मात्रा उलटी.

सरळसोट

हं. हे पटण्यासारखं आहे. (लिहून ठेवा, क्वचित घडतं.)

जुनाजाणता

उशिरा आलो, पण ज्याची वाट बघत होतो ते कुणी सांगितलं नाही. ही उपाययोजना साडेचारशे वर्षं जुनी आहे. रॉजर अ‍ॅशम हे पहिल्या एलिझाबेथ राणीचे शिक्षक. लॅटिन शिकवण्यासाठी त्यांनी दुहेरी भाषांतराची पद्धत मांडली, त्यांचं पुस्तक 1570 मध्ये निघालं. उतारा आपल्या भाषेत आणायचा, मूळ पुस्तक बंद करायचं, काही वेळ जाऊ द्यायचा, मग आपल्या भाषांतरावरून पुन्हा मूळ भाषेत लिहायचा आणि मुळाशी ताडून बघायचा.

बेंजामिन फ्रँकलिनने पोरवयात असाच उद्योग केला. 'स्पेक्टेटर'मधल्या लेखांचे त्रोटक मुद्दे काढून ठेवायचे, काही दिवसांनी त्यावरून लेख पुन्हा लिहायचा आणि तुलना करायची. त्यातून आपला शब्दसाठा तोकडा आहे हे त्याच्या लक्षात आलं. मग तो त्यातल्या गोष्टी पद्यात बांधायला लागला, कारण वृत्तात बसवायचं तर एकाच अर्थाचे कमीजास्त लांबीचे शब्द शोधावेच लागतात, यमकासाठी वेगळ्या उच्चाराचे लागतात. आत्मचरित्रात त्याने हे सविस्तर लिहिलंय.

करून दाखवतो. समजा, इंग्रजी वाक्य असं आहे: 'द डोअर क्रीक्ड ओपन अँड अ स्लिव्हर ऑफ लाइट फेल अक्रॉस द फ्लोअर.' मराठीत: 'दार करकरत उघडलं आणि उजेडाची तिरीप जमिनीवर पडली.' आता मूळ वाक्य झाकून आठवड्याने परत इंग्रजीत आणा. बहुतेकांचं असं होईल: 'द डोअर ओपन्ड विथ अ नॉइज अँड अ थिन लाइन ऑफ लाइट केम ऑन द फ्लोअर.'

दोन्ही शेजारी ठेवा. तीन भोकं लगेच दिसतात. आवाज आणि उघडणं 'क्रीक्ड ओपन'मध्ये एकत्र बसतं, हे तर अर्धविराम म्हणाले तेच. 'तिरीप'साठी स्लिव्हर होता, तो तुम्हाला माहीतही होता, पण सुचला नाही. आणि उजेड 'कम' होत नाही, 'फॉल' होतो. मराठीतही तो पडतोच, तरी इंग्रजीत लिहिताना हात 'केम'कडे गेला! शब्द कोणता हवा, हे यादी ठरवत नाही, तुमचं स्वतःचं भोक ठरवतं. त्या भोकात बसलेला शब्द सहसा हलत नाही.

रोज चार ओळी पुरे. उतारा आपल्याला आवडणाऱ्या लेखकाचा घ्यावा, नाहीतर पंधरवड्यात कंटाळा येतो.

कोशकीटक

क्या बात है. यालाच जोडून एक: मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश. पहिली आवृत्ती 1831, वाढवलेली दुसरी 1857. शिकागो विद्यापीठाच्या डिजिटल कोशांमध्ये तो फुकट शोधता येतो. आपल्या ध्वन्यनुकारी शब्दांना, म्हणजे खळखळ, झुळझुळ, लखलख यांना, इंग्रजी देताना त्याने जी क्रियापदं वापरली आहेत ती वाचणं हाच एक अभ्यास आहे. काही इंग्रजी शब्द आता जुनाट झालेत, तेव्हा वापरण्याआधी आजच्या कोशात खातरजमा करा.

वेलांटी

बापरे, केवढं लिहिलंत सगळ्यांनी! सगळ्यांना एकदमच धन्यवाद देते.

जुनाजाणता काका, तुमचा उद्योग लगेच सुरू केला. भोकं कुठे आहेत ते खरंच दिसतं, आणि ती सगळी विशेषणांची नाहीत, हे माझ्यासाठी नवीन होतं. 'विथ', 'इन', 'ऑन' यांनी वाक्यं शिवत जाते मी.

म्हाताऱ्याचं आता असं केलंय: 'द ओल्ड मॅन शफल्ड डाउन द रोड, वन हँड ट्रेलिंग अलाँग द वॉल. ही वॉज व्हेरी एक्झॉस्टेड.' बघा बरं.

अर्धविराम

पहिलं वाक्य फर्मास. भिंतीवरून सरकणारा हात आल्यामुळे 'ओल्ड' काढलंत तरी वय कळेल. 'ट्रेलिंग' कुठून आणलंत?

कोशकीटक

दुसऱ्या वाक्यातला 'व्हेरी' जाऊ द्या. एक्झॉस्टेडमध्ये 'अतिशय' आधीच आहे. टायर्डला व्हेरी लागतो. एक्झॉस्टेड, फ्रीझिंग, टेरिफाइड, एनॉर्मस अशांना ॲब्सोल्यूटली किंवा कंप्लीटली चालतं, व्हेरी खटकतं. शाळेत हे कुणी सांगत नाही.

सरळसोट

दुसरं वाक्यच जाऊ द्या. शफल्ड आणि भिंत धरलेली, दमलाय हे कळलं नाही का आम्हाला?

वेलांटी

काढलं! 'ट्रेलिंग' कालच्या उताऱ्यातून आलं, तिथे पाण्यात सोडलेला हात होता.

जुनाजाणता

शब्द तिथून उचलून इथे लावलात ना, मग झालं काम.

नवशिकी

पूर्ण धागा वाचून काढला. एक शंका: ग्लिटर, ग्लीम, ग्लो, ग्लिमर, ग्लिंट सगळे 'ग्ल'नेच का सुरू होतात? माझा नेहमी गोंधळ होतो.

कोशकीटक

छान प्रश्न. उजेडाशी संबंधित शब्दांचा 'ग्ल'भोवती असा जमाव आहे खरा. नाकाशी निगडित शब्दांचा 'स्न'भोवती आहे: स्निफ, स्नीझ, स्नोअर, स्नॉर्ट, स्नाउट. फर्थ यांनीच 1930 साली अशा ध्वनींना 'फोनेस्थीम' असं नाव दिलं. नियम मात्र नाही हं, ग्लू आणि ग्लव्हमध्ये कसला उजेड!

गोंधळ टाळायला प्रत्येकाला एक वस्तू बांधून टाका. ग्लिंट: चाकूच्या पात्यावर क्षणभर चमकतं ते. ग्लीम: घासूनपुसून लख्ख केलेलं भांडं. ग्लिमर: लांबचा मिणमिणता दिवा. ग्लो: निखारा, ज्वाळा नसलेला. ग्लिटर: जरी, बारीक बारीक अनेक ठिणग्या. ग्लिसन: ओलं काहीतरी, घामाने चमकणारं कपाळ किंवा पावसात भिजलेला रस्ता. 'ग्लिसन'मधल्या 'टी'चा उच्चार होत नाही, तेवढं लक्षात ठेवा.

टवाळखोर

आणि टक्कल?

कोशकीटक

कोरडं असेल तर ग्लीम, उन्हात घामेजलं असेल तर ग्लिसन.

टवाळखोर

नोंद घेतली. आरशात जाऊन खात्री करून येतो.